‘कशावरून?’ विचारणारे गणित

भूमितीची परीक्षा जवळ आली की पुष्कळ घरांत एकच दृश्य दिसते. मूल मांडीवर पुस्तक घेऊन पुटपुटत बसलेले असते : पक्ष, साध्य, सिद्धता, पक्ष, साध्य, सिद्धता. प्रमेय पाठ होते, आकृतीतल्या अक्षरांसकट पाठ होते. आणि प्रश्नपत्रिकेत त्याच आकृतीला वेगळी अक्षरे दिलेली दिसली की सारे पाठांतर कोसळते. घरचे म्हणतात, आमच्याही वेळी असेच होते, घोकंपट्टी कर म्हणजे झाले.

पण भूमिती घोकून येत नाही. ज्या लोकांनी प्रमेय आणि सिद्धता या गोष्टी जगाला दिल्या, त्यांनी त्या घोकंपट्टीसाठी दिल्याच नव्हत्या. मोठ्या माणसाने सांगितले म्हणून मानायचे नाही, कशावरून ते विचारायचे, आणि उत्तर पटले तरच पुढची पायरी चढायची, एवढ्यासाठी त्या होत्या. हे लोक म्हणजे प्राचीन ग्रीक गणिती. त्यांची नावे आपल्या मुलांच्या पुस्तकांत आहेत. त्यांनी नेमके काय केले हे मात्र त्या पुस्तकांत फारसे सांगितले जात नाही. ते आज पाहू.

गवंड्याचा गुण्या आणि ग्रीकांचा प्रश्न

आपल्यापैकी अनेकांच्या घरी बांधकामावर जाणारी माणसे आहेत. खोलीचा कोपरा गुण्यात आहे की नाही हे अनुभवी गवंडी कसे पाहतो? कोपऱ्यापासून एका बाजूला तीन फुटांवर खूण करतो, दुसऱ्या बाजूला चार फुटांवर. दोन्ही खुणांमधले तिरपे अंतर बरोबर पाच फूट भरले की कोपरा काटकोनात आला. पाचाला अर्धा इंच कमी-जास्त झाला की ओळ पुन्हा धरायची.

ही विद्या फार जुनी आहे आणि ती ग्रीकांची नाही. इ.स.पू. १८०० च्या सुमाराची बॅबिलोनमधील मातीची एक भाजकी पाटी आज न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आहे. तिच्यावर अशा तीन-तीन संख्यांची यादीच कोरलेली आहे, आणि त्यांतल्या काही संख्या तर पाच आकडी आहेत. आपल्याकडे शुल्बसूत्रांत वेदी आखण्यासाठी दोरीचे जे नियम सांगितले आहेत, त्यांतही हा नियम येतो. म्हणजे जिथे माणसाने भिंत बांधली, शेत मोजले, तिथे तिथे त्याला हे गणित हाताने सापडले होते. श्रम करणाऱ्याच्या हाताला आलेले हे ज्ञान कमी दर्जाचे मुळीच नव्हे.

मग ग्रीकांनी वेगळे काय केले? त्यांनी विचारले : तीन-चार-पाचला जमते, पाच-बारा-तेराला जमते, ठीक. पण प्रत्येक काटकोन त्रिकोणाला हे जमणारच, हे कशावरून? हजार त्रिकोण मोजले तरी एक हजार एकावा फसवणार नाही याची हमी कोण देणार?

मोजमापाने ही हमी मिळत नाही. ती फक्त विचाराने मिळते. अशी हमी म्हणजेच सिद्धता.

या परंपरेच्या सुरुवातीला थेलीस याचे नाव घेतले जाते. इ.स.पू. सहाव्या शतकातला हा माणूस आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावरील मिलेटस या गावचा. त्याने लिहिलेले काहीही उरलेले नाही. मात्र नंतरचे लेखक सांगतात की समद्विभुज त्रिकोणाच्या पायाजवळचे कोन सारखे असतात, दोन रेषा छेदल्या की समोरासमोरचे कोन सारखे असतात, अर्धवर्तुळातला कोन काटकोन असतो, या गोष्टींकडे त्याने प्रथम लक्ष वेधले. यांतली तिसरी गोष्ट मुले आजही शाळेत शिकतात. दुसरीबाबत कोणी म्हणेल, ‘अहो, हे तर दिसतेच आहे, सिद्ध काय करायचे?’ दिसते तेसुद्धा तपासून घ्यायचे, इथेच तर सगळी सुरुवात आहे. असे लोक ग्रीसमध्येच का निपजले? काही अभ्यासकांच्या मते तिथल्या छोट्या नगरराज्यांत सभेत आणि न्यायालयात उभे राहून लोकांना युक्तिवादाने पटवावे लागे, त्या सवयीचा हा परिणाम असावा.

पायथागोरस त्यानंतरचा, सामोस बेटावरचा. पुढे तो दक्षिण इटलीत क्रोटोन येथे जाऊन राहिला. त्याच्याभोवती एक पंथच जमला. सर्व विश्व पूर्ण संख्यांनी आणि त्यांच्या गुणोत्तरांनी बनलेले आहे अशी त्या पंथाची श्रद्धा होती. आणि गंमत पाहा, याच पंथाच्या गणिताने त्या श्रद्धेला तडा दिला. ज्या चौरसाची बाजू एक आहे त्याचा कर्ण कोणत्याही अपूर्णांकात बसत नाही. १७ भागिले १२ घ्या : १७ चा वर्ग २८९, आणि १२ च्या वर्गाची दुप्पट २८८. एकाने चुकले. ९९ भागिले ७० घ्या : ९८०१ आणि ९८००. पुन्हा एकाने चुकले. कितीही मोठ्या संख्या घ्या, नेमके कधीच जमत नाही, आणि जमणार नाही हे सिद्ध करता येते. हे गुपित फोडणाऱ्याला समुद्रात जलसमाधी मिळाली अशी दंतकथा आहे. तिच्यावर विश्वास ठेवण्याचे कारण नाही. पण ती दंतकथा निर्माण झाली यावरून धक्का केवढा मोठा होता ते कळते.

नाव नसलेला मुलगा

आता एक प्रसंग थोडा सविस्तर सांगतो. तो प्लेटोच्या ‘मेनो’ नावाच्या संवादात आहे. प्लेटोने तो इ.स.पू. चौथ्या शतकात लिहिला.

मेनो हा श्रीमंत तरुण. त्याच्याबरोबर त्याचे गुलाम आहेत. सॉक्रेटिस त्यांच्यातल्या एका मुलाला जवळ बोलावतो. तो मेनोला एवढेच विचारतो, की याला ग्रीक भाषा येते ना? येते, घरातच जन्मलेला आहे. शाळेचे, गुरूचे नावही नाही. सॉक्रेटिस जमिनीवर एक चौरस काढतो. बाजू दोन फूट, म्हणून क्षेत्रफळ चार. मग तो मुलाला विचारतो : याच्या दुप्पट, म्हणजे आठ क्षेत्रफळाचा चौरस हवा आहे. त्याची बाजू किती असेल?

मुलगा खात्रीने सांगतो, दुप्पट. बाजू चार फूट करा. सॉक्रेटिस चार फुटांचा चौरस काढून दाखवतो. क्षेत्रफळ सोळा झाले! चौपट! मुलगा विचार करतो. दोन कमी, चार जास्त, मग तीन? तीन त्रिक नऊ. तेही नाही. आता तो गोंधळतो आणि कबूल करतो की मला माहीत नाही. सॉक्रेटिस मेनोकडे वळून म्हणतो की हा मुलगा आता मघापेक्षा पुढे आला आहे, कारण मघाशी आपल्याला येते असे त्याला वाटत होते. मग जुन्या चौरसात तिरप्या रेषा, म्हणजे कर्ण काढले जातात, आणि मुलगा स्वतः मोजून सांगतो की कर्णावर उभा केलेला चौरस बरोबर दुप्पट होतो.

हे घरी करून पाहता येते. कागदाचा एक चौरस घ्या. त्याचे चारही कोपरे बरोबर मधोमध येतील असे दुमडा. एक लहान, तिरका चौरस तयार होईल. त्यात सगळीकडे कागदाचे दोन थर आहेत, एकही जागा एका थराची नाही की तीन थरांची नाही. म्हणून तो मूळ कागदाच्या नेमका निम्मा आहे. आणि त्याचा कर्ण मोजा : मूळ कागदाच्या बाजूएवढाच भरतो. म्हणजेच लहान चौरसाच्या कर्णावरचा चौरस त्याच्या दुप्पट झाला. वही नको, कंपास नको. तिसरीतल्या मुलीलाही हे कळते.

प्लेटोने या प्रसंगातून आत्म्याला पूर्वजन्मीचे ज्ञान असते असा निष्कर्ष काढला. तो त्याचा त्याला लखलाभ. सॉक्रेटिसचे प्रश्न उत्तराकडे बोट दाखवणारे होते, मुलाने पुष्कळ ठिकाणी नुसते होय म्हटले, हाही आक्षेप खरा आहे. पण पूर्वजन्म बाजूला ठेवला तरी जे उरते ते साधे नाही. त्या काळच्या अथेन्समध्ये गुलामाला सभेत बोलायचा हक्क नव्हता. गुलाम हा विकत घेतलेला जिवंत अवजार समजला जाई. अशा समाजातल्या एका नामवंत लेखकाने लिहून ठेवले आहे की गुलामाचा मुलगा भूमितीची पायरी पायरी चढून बरोबर उत्तराला पोहोचला, आणि त्याचा शिकलेला मालक शेजारी उभा राहून पाहत होता. त्या उत्तरासाठी मालकाची बुद्धी वेगळी आणि गुलामाची वेगळी लागली नाही.

त्या मुलाचे नाव प्लेटोने लिहिलेले नाही. मालकाचे नाव ग्रंथाला आहे. संवाद संपतो तेव्हा मुलगा गुलामच आहे. ग्रीकांचे गणित मोठे होते म्हणून त्यांचा समाज न्यायी होता असे कोणी समजू नये. सिद्धतेसमोर सारे सारखे, बाजारात मात्र माणसाची किंमत ठरलेली, अशी ती स्थिती होती. स्त्रियांचेही तेच. हजार वर्षांच्या या परंपरेत ठळकपणे जे एक स्त्रीनाव समोर येते ते हायपेशियाचे, आणि तेही अगदी शेवटी. अलेक्झांड्रियात ती गणित, खगोल आणि तत्त्वज्ञान शिकवी. दुरून विद्यार्थी येत. शहरातल्या सत्तेच्या भांडणात इ.स. ४१५ साली ख्रिस्ती जमावाने तिला भररस्त्यातून ओढून नेऊन ठार मारले. तिचे वडील थिऑन हेही गणिती होते. पुढची कित्येक शतके युक्लिडच्या ग्रंथाच्या बहुतेक प्रती त्यांनी तयार केलेल्या पाठावरून उतरवल्या गेल्या.

युक्लिडचे तेरा भाग

युक्लिडबद्दल माणूस म्हणून आपल्याला जवळजवळ काही ठाऊक नाही. इ.स.पू. ३०० च्या सुमारास तो इजिप्तमधील अलेक्झांड्रिया शहरी शिकवत होता, एवढेच. त्याच्या ‘एलिमेंट्स’ म्हणजे ‘मूलतत्त्वे’ या ग्रंथाचे तेरा भाग आहेत आणि त्यांत ४६५ विधाने सिद्ध केली आहेत. सगळी त्याची स्वतःची नव्हेत. आधीच्या अनेकांचे काम त्याने गोळा केले. त्याचे मोठेपण मांडणीत आहे.

त्याने आरंभीच सांगून टाकले की मी कोणत्या गोष्टी न सिद्ध करता धरून चालणार आहे. भूमितीची पाच गृहीतके. कोणत्याही दोन बिंदूंमधून सरळ रेषा काढता येते. रेषा हवी तेवढी वाढवता येते. कोणत्याही केंद्राभोवती हव्या त्या अंतराचे वर्तुळ काढता येते. सर्व काटकोन सारखे असतात. आणि पाचवे, जे जरा लांबलचक आहे, त्याकडे नंतर येऊ. त्याखेरीज पाच साधे नियम, जसे की एकाच गोष्टीशी सारख्या असलेल्या गोष्टी एकमेकींशी सारख्या असतात. बस्स. यापलीकडे एकही गोष्ट गुपचूप आत घ्यायची नाही. पहिल्या विधानात फक्त दोन वर्तुळे काढून समभुज त्रिकोण तयार केला आहे. पहिल्या भागातले ४७ वे विधान म्हणजे पायथागोरसचे प्रमेय. मधल्या पायऱ्या एकेक करून त्याच्याखाली रचलेल्या आहेत, जशी विटेवर वीट.

हिशेबाच्या वह्या लपवणारा मालक आणि भिंतीवर सगळे हिशेब लावून ठेवणारा मालक यांत जो फरक, तोच इथे आहे. कोणाला चूक काढायची असेल त्याने काढावी, सगळी बाजू उघडी आहे. आणि खरोखरच लोकांनी चुका काढल्या. अगदी पहिल्या विधानात दोन वर्तुळे एकमेकांना छेदतातच हे युक्लिडने सिद्ध न करता धरले आहे, हे नंतरच्या गणितज्ञांनी दाखवून दिले. १८९९ साली हिल्बर्ट या जर्मन गणितज्ञाने साऱ्या गृहीतकांची नव्याने, कडक मांडणी केली. युक्लिडचा मान यामुळे कमी झाला नाही.

ग्रंथाच्या नवव्या भागात एक सिद्धता आहे, ती प्रत्येक घरात एकदा तरी समजून घ्यावी अशी आहे. मूळ संख्या म्हणजे जिला एक आणि ती स्वतः यांशिवाय कोणीही नि:शेष भागू शकत नाही : २, ३, ५, ७, ११ वगैरे. पुढे पुढे त्या विरळ होत जातात. मग कुठेतरी त्या संपत असतील का? युक्लिड म्हणतो, नाही. समजा कोणी आपल्याला यादी दिली आणि सांगितले की जगातल्या सर्व मूळ संख्या एवढ्याच : २, ३, ५. आपण त्यांचा गुणाकार करू : ३०. त्यात एक मिळवू : ३१. आता या ३१ ला यादीतल्या कोणत्याही संख्येने भागा, बाकी एक उरणारच. म्हणजे ३१ ला भागणारी मूळ संख्या यादीबाहेरची आहे. यादी अपुरी ठरली. यादी वाढवा : २, ३, ५, ७, ११, १३. गुणाकार ३००३०, अधिक एक ३००३१. ही संख्या स्वतः मूळ नाही, ती ५९ गुणिले ५०९ आहे. पण ५९ कुठे यादीत होते? कोणीही, कितीही मोठी यादी आणो, हाच डाव टाकता येतो. म्हणून मूळ संख्या अनंत आहेत. अनंत गोष्टी मोजल्या कोणी? कोणीच नाही. चार ओळींच्या विचाराने ते कळले.

याच ग्रंथाच्या सातव्या भागात आपल्या मुलांची एक जुनी ओळखीची गोष्ट आहे : भागाकार पद्धतीने मसावि. मोठ्या संख्येला लहानीने भागा, बाकी येईल तिने लहानीला भागा, असे बाकी शून्य येईपर्यंत. हीच ती पद्धत. १९७७ साली रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी प्रचंड मोठ्या मूळ संख्यांवर आधारलेली गुप्तलेखनाची एक रीत मांडली. संगणकावरून जाणारे निरोप आणि पैशांचे व्यवहार सुरक्षित ठेवण्यासाठी ती जगभर वापरली गेली. तिची किल्ली तयार करताना मसाविच्या याच पायऱ्या संगणक चढतो. तेव्हा पाचवी-सहावीतले मूल ‘मसाविचा काय उपयोग?’ असे म्हणाले तर त्याला हे सांगावे.

उपयोगाविषयी युक्लिडची एक कथा सांगतात. एका शिष्याने पहिले प्रमेय शिकताच विचारले, हे शिकून मला काय मिळणार? युक्लिडने नोकराला बोलावून सांगितले, याला थोडी नाणी दे, कारण शिकायचे तर याला कमाई हवी आहे. गोष्ट चटकदार आहे, पण मला ती फारशी आवडत नाही. ज्याच्या घरी पोटापुरते आहे त्याला अशी थट्टा परवडते. कष्टाच्या पैशातून फी भरणाऱ्याने हा प्रश्न विचारला तर त्याला नाण्यांऐवजी नीट उत्तर मिळाले पाहिजे.

तराजूवर तोललेला गोल

आर्किमिडीज म्हटले की न्हाणीघरातून उघडाच पळत सुटलेला माणूस आठवतो. ती गोष्ट त्याच्या मृत्यूनंतर दोनशे वर्षांनी लिहिली गेली. ती सोडून देऊ. तो सिसिली बेटावरील सिरॅक्यूजचा. इ.स.पू. २१२ मध्ये रोमन सैन्याने ते शहर जिंकले तेव्हा एका सैनिकाच्या हातून तो मारला गेला.

वर्तुळाचा परिघ व्यासाच्या किती पट? ताटाला दोरी गुंडाळून पाहिले तर तिपटीहून थोडा जास्त भरतो. थोडा म्हणजे किती? आर्किमिडीजने वर्तुळाच्या आत आणि बाहेर ९६ बाजूंच्या आकृत्या कल्पून दाखवले की तो ३ पूर्णांक १० छेद ७१ पेक्षा मोठा आणि ३ पूर्णांक १ छेद ७ पेक्षा लहान असलाच पाहिजे. ही दुसरी संख्या म्हणजे शाळेतले २२ छेद ७. पुष्कळांना वाटते की पायची किंमत २२ छेद ७ च आहे. ती नाही, ती त्याने घातलेली वरची मर्यादा आहे. आणि हे सारे त्याने केले ते शून्य नसलेल्या, अक्षरांनी संख्या लिहिण्याच्या ग्रीक पद्धतीत. आजची दहा अंकांची आणि स्थानिक किमतीची रीत भारतातून अरबांमार्फत जगाला गेली. ती ग्रीकांपाशी नव्हती. ती हाती नसताना ९६ बाजूंपर्यंत जाणे म्हणजे हात बांधून विहीर खोदण्यासारखे होते.

त्याला स्वतःला सर्वांत जास्त अभिमान होता तो दुसऱ्या एका शोधाचा. चेंडू बरोबर मावेल असा डबा घ्या, चेंडूच्याच उंचीचा आणि रुंदीचा. चेंडूचे घनफळ त्या डब्याच्या नेमके दोन तृतीयांश असते. ही आकृती त्याच्या थडग्यावर कोरली होती. इ.स.पू. ७५ मध्ये रोमन अधिकारी सिसेरोने काट्याकुट्यांत बुजलेले ते थडगे याच आकृतीवरून शोधून काढले.

हे त्याला सुचले कसे? त्याचे उत्तर ज्या ग्रंथात होते तो शेकडो वर्षे नाहीसा झाला होता. दहाव्या शतकात चामड्याच्या पानांवर त्याची एक नक्कल केलेली होती. १२२९ साली कोणीतरी ती शाई खरवडून त्याच पानांवर प्रार्थना लिहिल्या; चामडे महाग होते. १९०६ साली डॅनिश विद्वान हायबर्ग यांनी इस्तंबूलमध्ये त्या प्रार्थनांखालची पुसट अक्षरे ओळखली. मग ते पुस्तक पुन्हा दिसेनासे झाले आणि १९९८ साली न्यूयॉर्कच्या लिलावात २० लाख डॉलरला विकले गेले. त्यानंतर अमेरिकेतील बाल्टिमोरच्या वॉल्टर्स संग्रहालयात विशेष प्रकाशाने आणि क्ष-किरणांनी त्याची पाने वाचण्यात आली. त्यात आर्किमिडीज सांगतो की आकृत्यांचे पातळ पातळ काप मनातल्या मनात तराजूला टांगून, तोलून मी उत्तरे शोधली. आणि लगेच हेही सांगतो की हे तोलणे म्हणजे सिद्धता नव्हे, सिद्धता वेगळी द्यावी लागते. ती त्याने वेगळी दिली. इतका मोठा माणूस, पण स्वतःच्या शब्दालाही त्याने पुरावा मानले नाही! पातळ कापांची बेरीज करण्याची ही रीत सतराव्या शतकात न्यूटन आणि लायब्निट्स यांच्या कलनशास्त्रात पूर्णत्वाला गेली.

बाकीच्यांविषयी थोडक्यात. एराटोस्थेनिसने सायीनी (आजचे अस्वान) येथे दुपारी ऊन थेट विहिरीच्या तळाशी पडते आणि त्याच दिवशी अलेक्झांड्रियात काठीची सावली वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाएवढा कोन करते, एवढ्यावरून पृथ्वीचा घेर काढला. अपोलोनिअसने शंकू कापून मिळणाऱ्या वक्ररेषांवर आठ भागांचा ग्रंथ लिहिला. तेव्हा त्याचा कोणालाच उपयोग नव्हता. अठराशे वर्षांनी, १६०९ साली, केप्लरने सांगितले की मंगळ सूर्याभोवती त्यांपैकीच एका वक्रावर, लंबवर्तुळावर फिरतो. डायोफँटसच्या पुस्तकाच्या समासात फर्माने सतराव्या शतकात एक दावा लिहून ठेवला आणि सिद्धता लिहायला जागा नाही असे म्हटले. ती सिद्धता अँड्र्यू वाइल्स यांनी १९९४ साली पूर्ण केली.

पाचवे गृहीतक

आता त्या लांबलचक पाचव्याकडे. सोप्या शब्दांत त्याचा अर्थ असा, की रेषेबाहेरच्या एका बिंदूतून त्या रेषेला समांतर अशी एकच रेषा काढता येते. हे गृहीतक लोकांना दोन हजार वर्षे खुपत राहिले. हे धरून का चालायचे? पहिल्या चारांवरून सिद्ध करता आले पाहिजे! ग्रीकांनी प्रयत्न केले, उमर खय्यामने केले, युरोपातल्या कितीतरी जणांनी जन्म घालवला. शेवटी रशियातल्या लोबाचेव्हस्कीने १८२९ मध्ये आणि हंगेरीतल्या बोल्याईने १८३२ मध्ये, एकमेकांना न ओळखता, उलटच सांगितले : ते सिद्ध होत नाही. ते नाकारले तरी एक वेगळी, सुसंगत भूमिती उभी राहते. रीमानने १८५४ मध्ये याहून पुढचे पाऊल टाकले.

वेगळी भूमिती म्हणजे काय ते पृथ्वीच्या गोलावर बोट फिरवून कळते. उत्तर ध्रुवावरून सरळ विषुववृत्तावर या, काटकोनात वळून विषुववृत्ताचा चौथा भाग चाला, पुन्हा काटकोनात वळून ध्रुवाला जा. त्रिकोण झाला, आणि त्याचे तिन्ही कोन काटकोन. बेरीज २७० अंश! अशाच वक्र भूमितीच्या आधाराने आइन्स्टाइनने १९१५ साली गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला. मोबाइलवर रस्ता दाखवणाऱ्या उपग्रहांच्या घड्याळांत त्या सिद्धांताप्रमाणे दुरुस्ती करावी लागते. युक्लिडने पाचवी गोष्ट ‘हे मी धरून चाललो आहे’ असे उघड लिहून ठेवले नसते, तर ती नाकारून पाहायचे कोणाला सुचले असते?

एवढा प्रवास करायला ग्रंथ टिकावा लागतो. आठव्या-नवव्या शतकाच्या संधीला बगदादमध्ये युक्लिडचे अरबी भाषांतर झाले, अरबीवरून बाराव्या शतकात लॅटिन. १४८२ साली व्हेनिसमध्ये तो छापला गेला. १६०७ साली पहिले सहा भाग चिनी भाषेत गेले. जयपूरच्या सवाई जयसिंगाच्या पदरी असलेल्या जगन्नाथ पंडिताने १७१८ च्या सुमारास अरबीवरून संस्कृतात ‘रेखागणित’ केले. पण राजदरबारातल्या संस्कृत ग्रंथापर्यंत सामान्यांचा हात कुठून पोहोचणार? अमेरिकेत मात्र सुतारकाम करणाऱ्या बापाच्या, जेमतेम वर्षभर शाळेत गेलेल्या एका मुलाने मोठेपणी वकिली सांभाळून युक्लिडचे सहा भाग स्वतः अभ्यासले, आणि आपल्या आत्मवृत्तात त्याची नोंद केली. त्याचे नाव अब्राहम लिंकन.

जाता जाता घरातल्या मुलांसाठी युक्लिडचेच एक कोडे. ६ ला भागणाऱ्या, तिच्याहून लहान संख्या १, २, ३; त्यांची बेरीज पुन्हा ६. अशा संख्येला परिपूर्ण संख्या म्हणतात. त्या शोधायची युक्लिडची रीत अशी : एकापासून दुप्पट-दुप्पट करत बेरीज घ्या, आणि बेरीज मूळ संख्या आली की तिला शेवटच्या दुपटीने गुणा. १ अधिक २ म्हणजे ३, गुणिले २ : ६. १, २, ४ ची बेरीज ७, गुणिले ४ : २८. १, २, ४, ८ ची बेरीज १५, ही मूळ नाही, सोडून द्या. पुढे १६ पर्यंतची बेरीज ३१, गुणिले १६ : ४९६. तिचे विभाजक काढून बेरीज करून पाहा. त्यानंतरची कोणती ते मुलांनी काढावे, ती चार आकडी आहे. याच रीतीने संगणकावर आजही शोध चालतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यासाठी लागणारी जी मूळ संख्या सापडली ती चार कोटी दहा लाखांहून अधिक अंकांची आहे. या सगळ्या परिपूर्ण संख्या सम आहेत. एखादी विषम परिपूर्ण संख्या आहे का? अजून एकही सापडलेली नाही, आणि ती असूच शकत नाही हेही कोणाला सिद्ध करता आलेले नाही.